खाडा आणि खंड

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शहरातील कोणत्याही व्यायामशाळेत डोकावून पाहावे, तर पाय ठेवायला जागा नसते. नवे बूट, नवे कपडे, वर्षभराची वर्गणी एकरकमी भरल्याची पावती आणि चेहऱ्यावर निश्चय, अशा थाटात मंडळी आलेली असतात. हीच व्यायामशाळा शिमग्याच्या सुमारास पाहावी. यंत्रे तीच, शिक्षक तेच. माणसे मात्र पूर्वीपासून येणारी दहा-पंधरा. बाकीचे कोठे गेले, हा प्रश्न शिक्षकाला फारसा पडत नाही, कारण उत्तर त्याच्यापाशी तयार असते: माणसे आळशी आहेत, मनाचा निर्धार नाही. मौज अशी की, सोडून गेलेल्यांना विचारले तर त्यांचेही उत्तर हेच असते. वादी आणि प्रतिवादी यांचे एकमत झाले, की खटला निकालात निघतो. परंतु हा निकाल बरोबर आहे काय, याचा तपास गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मानसशास्त्राने बराच केला आहे. आणि त्यातून व्यायामशिक्षकाच्या कामाची एक निराळीच कल्पना पुढे आली आहे.

ही पळापळ आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सभासदांची हजेरी स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासली व २००६ मध्ये प्रसिद्ध केली. दरमहा सत्तर डॉलरांहून अधिक वर्गणी भरणारे हे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत. म्हणजे एका खेपेला त्यांना सतरा डॉलरांहून जास्त पडत होते. तेथेच दहा खेपांचे तिकीट घेतले असते, तर खेपेला दहा डॉलर पुरले असते. पैसे भरले म्हणजे माणूस येईल, ही समजूत व्यायामशाळेच्या मालकाची नसते. ती बिचाऱ्या सभासदाचीच असते.

हा केवळ पैशाच्या नासाडीचा प्रश्न असता, तर त्यावर व्याख्यान करण्याचे कारण नव्हते. १९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस या वैद्याने दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होई, आणि दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी. तेव्हापासून आजवर शारीरिक हालचालीच्या बाजूने पुरावा वाढतच गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली. आणि भारताची स्थिती? २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली देशातील प्रौढांपैकी सुमारे निम्मे लोक एवढीही हालचाल करीत नव्हते. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या रोग्याला वैद्य औषधांची यादी लिहून देतो. कोणती गोळी, किती वाजता, जेवणापूर्वी की नंतर, हे सारे बजावून सांगतो. आणि चिठ्ठीच्या तळाशी दोन शब्द लिहितो: 'व्यायाम करा.' केव्हा, कोठे, किती, कोणाबरोबर, आणि चुकला तर काय, यांतले काहीही त्या दोन शब्दांत नसते. गोळी जर अशी लिहून दिली, तर ती कोण घेईल?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आपल्याकडील जुन्या तालमीची आठवण करणे योग्य होईल; कारण तेथे माणसे वर्षानुवर्षे टिकत, आणि ती सगळीच काही लोखंडी निर्धाराची नव्हती. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत नवा पोरगा दाखल झाला, म्हणजे त्याच्या हाती पहिल्या दिवशी डाव येत नसत. फावडे येई. तेल, हळद, ताक घालून मुरवलेली तांबडी माती उकरणे हे त्याचे काम. अंग त्यातच तापे. मग थोडे जोर, थोड्या बैठका. आकडा वाढायचा तो वस्तादाच्या नजरेने, पोराच्या हौसेने नव्हे. उठण्याची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, लंगोट खुंटीला टांगलेला, शेजारी जोर मारणारे दहा जण. एखादा आला नाही तर ते सर्वांना कळे, आणि दुसऱ्या दिवशी वस्ताद त्याला नावाने हाक मारी. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या संस्था मोठ्या झाल्या, त्यांच्या मुळाशीही हाच सहवास होता. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्यात तर वेळ लक्षात ठेवण्याची जबाबदारी प्रत्यक्ष सूर्यावरच टाकलेली होती.

आता दुसरी बाजू पाहावी. हाच मल्ल पुढे नोकरीला लागतो, तालीम सुटते, आणि पाच-सात वर्षांत ओळखू येणार नाही इतका सुटतो. त्याला व्यायाम येत नाही असे कोण म्हणेल? त्याच्या अंगी निर्धार नव्हता, असेही म्हणता येणार नाही. पहाटे चारला उठून त्याने हजार बैठका काढलेल्या असतात. त्याच्याजवळून गेले ते काय? गेली ती वेळ, ती जागा, ते शेजारी आणि ती हाक. निर्धार म्हणून जे समजले जात होते, त्यातला बराच वाटा भोवतालच्या मांडणीचा होता. आजच्या माणसाला तालीम लाभलेली नाही. त्याच्या शिक्षकाला ती त्याच्या दिवसात बांधून द्यावी लागते. आणि कवायत शिकवणे हा या कामाचा फार तर चौथा हिस्सा आहे.

या कामाची सुरुवात बोलण्यापासून होते, आणि बिघाडही बहुधा तेथूनच होतो. समजा, जबलपुरास स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ आहेत. वय ६२, रेल्वेतून निवृत्त, रक्तात साखर वाढलेली. वैद्याने त्यांना एका तरुण व्यायामशिक्षिकेकडे पाठवले. संवाद साधारण असा होतो:

"काका, रोज अर्धा तास चालले पाहिजे."

"हो ताई, कळते मला. पण सकाळी नातवाची शाळा असते."

"मग संध्याकाळी चाला."

"संध्याकाळी रस्त्यावर कुत्री फार."

"गच्चीवर चाला."

"गच्चीची किल्ली चिटणिसांकडे असते. ते सापडतात कोठे?"

येथे कोणीही खोटे बोलत नाही. तरी घडते असे की, चालण्याच्या बाजूने सगळे शिक्षिका बोलते आणि न चालण्याच्या बाजूने सगळे काका बोलतात; आणि माणसाला स्वतःच्या तोंडून निघालेले मुद्दे नेहमी अधिक पटतात. अर्ध्या तासाने ते घरी जातात ते न चालण्याची कारणे पाठ करून. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारूच्या आहारी गेलेल्यांवर उपचार करताना हे ओळखले. १९८३ मध्ये त्याने त्यावर पहिला लेख लिहिला, आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक याच्यासह ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे सांगणे थोडक्यात असे: माणसाच्या मनात दोन्ही पक्ष असतात, उपदेशकाने एक पक्ष बळकावला, की बोलणाऱ्याला दुसराच उरतो. तेव्हा उपदेशकाने आपला पक्ष मोकळा सोडावा. तीच शिक्षिका निराळ्या रीतीने बोलली असती तर:

"काका, पूर्वी कधी नियमाने चालत होता का?"

"होतो की. नोकरीत असताना स्टेशनापर्यंत पायी जात असे. कचेरीतले दोघे वाटेत भेटत."

"तेव्हा काय बरे वाटायचे?"

"झोप छान लागे. आणि गप्पा होत."

"आता पुन्हा चालू लागलात, तर कशासाठी लागाल?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नातू सायकल शिकतो आहे. मागून धरून धावावे लागते. मला दहा पावले धावता येत नाही, ताई. त्याला शेजारचा मुलगा शिकवतो."

या उत्तरात साखरेचा आकडा नाही. पण पुढच्या सहा महिन्यांत जे काही टिकेल, ते या उत्तरावर टिकेल. व्यायामामागील प्रेरणांचा अभ्यास करणाऱ्या ६६ शोधनिबंधांचा आढावा २०१२ मध्ये घेण्यात आला, त्यातही हेच आढळले: दुसऱ्याच्या धाकाने वा लाजेने केलेला व्यायाम फार काळ चालत नाही; स्वतःला मोलाचा वाटणारा हेतू आरंभाला उपयोगी पडतो, आणि दीर्घकाळ टिकायचे तर त्या हालचालीतच काही गोडी लागावी लागते.

हेतू सापडला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. येथेच पुष्कळ चांगले शिक्षकही फसतात. इंग्लंडमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला व्यायामाच्या बाजूने काही विशेष सांगितले नाही. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायाम यांविषयी मन वळवणारी माहिती वाचायला दिली. तिसऱ्याला तीच माहिती देऊन शिवाय एक वाक्य लिहून घेतले: पुढच्या आठवड्यात अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक जागी मी व्यायाम करीन. आठवड्याने चौकशी केली, तेव्हा पहिल्या गटातील ३८ टक्के जणांनी निदान एकदा व्यायाम केला होता. माहितीपत्रक वाचलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी. आणि ज्यांनी ते एक वाक्य लिहिले, त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी. माहितीने काहीच न घडावे आणि वेळ-जागा लिहिल्याने एवढे घडावे, हे ऐकून उपदेशाच्या धंद्यातील कोणालाही अवघडल्यासारखे होईल. अर्थात हा प्रयोग एका आठवड्याचा आणि तरुण विद्यार्थ्यांवरचा. तेवढ्यावर आयुष्याचा हिशेब मांडू नये. पण अशा ठरावाचा सिद्धान्त मांडणारे पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या मागून आलेले इतर संशोधक यांनी तो अनेक क्षेत्रांत तपासला आहे, आणि त्याचे बळ कमीअधिक प्रमाणात पुन्हा पुन्हा दिसले आहे.

कारण उघड आहे. 'रोज चालायचे' असे ठरवणाऱ्याला प्रत्येक दिवशी पुन्हा एकदा ठरवावे लागते, आणि रोज नव्याने ठरवण्याइतका थकवा दुसऱ्या कशातच नाही. वेळ आधीच्या एखाद्या नित्यकर्माला बांधून टाकली, म्हणजे ठरवण्याचे ओझे त्या कर्मावर जाते. जबलपूरच्या काकांची अडचण होती ती नातवाची शाळा. तीच शिक्षिकेने खुंटी म्हणून वापरली. साडेसातला नातू गाडीत चढला, की घराकडे वळायचे नाही. तसेच पुढे पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परतायचे. पाऊस असेल तर इमारतीचा जिना तीनदा चढायचा. हे 'असेल तर' महत्त्वाचे आहे. अडचण आल्यावर मार्ग शोधणारे थोडे; अडचण येण्यापूर्वी मार्ग लिहून ठेवला असेल, तर मात्र बहुतेकांना तो सापडतो.

अशी वेळ लिहायला बसले, की माणसाचा खरा दिवस कागदावर येतो, आणि कधी कधी शिक्षकाची मान खाली जाते. २०२२ च्या ज्या अंदाजाचा उल्लेख वर आला, त्यात अपुरी हालचाल करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के आहे, तर स्त्रियांचे ५७. पहाटे पाचला उठून चार डबे भरणारी, मग नोकरीवर जाणारी, संध्याकाळी पुन्हा ओट्याशी उभी राहणारी बाई जेव्हा 'वेळ नाही' म्हणते, तेव्हा ती सबब सांगत नसते. ती घड्याळ वाचून दाखवत असते. तिला निर्धारावर व्याख्यान देणे म्हणजे अन्याय आहे. तिच्या बाबतीत शिक्षकाने बोलायचे ते घरातील इतरांशी. कोण आठवड्यातून तीन सकाळी डबे भरील? काका टाकीपर्यंत फिरून येतात, तेव्हा त्यांच्यासाठी चहा तयार ठेवणाऱ्या काकू त्या वेळात काय करतात, हे कोणी विचारले आहे काय? ज्या मार्गदर्शनात हा प्रश्न येत नाही, ते अर्ध्या समाजाला लागू पडत नाही, मग त्याच्यामागे शास्त्र कितीही असो.

वेळ ठरली, आता प्रमाण. याविषयी फार बोलण्याचे कारण नाही, तालमीचे फावडे पुरेसे बोलके आहे. नवशिक्या माणसाने पहिल्या दिवशी धाप लागेपर्यंत मेहनत केली, तर स्नायूंपेक्षा त्याची इच्छाच अधिक दुखावते. मध्यम गतीने चालताना ज्यांना बरे वाटले, ते सहा महिन्यांनी व वर्षाने अधिक हालचाल करीत राहिले, असे २००८ मधील एका अभ्यासात दिसले. तेव्हा चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी गती पुरे. आणि व्यायामाचा शेवटचा भाग सौम्य ठेवावा, कारण घरी जाताना माणूस त्या शेवटाचीच चव घेऊन जातो. पूर्वी दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल जमेस धरीत नसत. २०२० च्या शिफारशींत ती अटही गेली. छातीत दुखणे, चक्कर येणे अशी लक्षणे असतील, तर अर्थातच आधी वैद्याकडे जावे.

मोजणीचेही तसेच. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले, त्याचे नावच 'दहा हजार पावलांचा मापक' असे होते. तो दहा हजारांचा आकडा यंत्राच्या नावातून जगभर पसरला, आणि आज लोक त्याला धर्माज्ञेसारखे मानतात. मोजण्याचा उपयोग आहे. २००७ मधील एका आढाव्यात असा मापक बाळगणाऱ्यांची पावले दिवसाला सुमारे अडीच हजारांनी वाढलेली आढळली, आणि ज्यांच्यापुढे काही लक्ष्य होते त्यांनाच त्याचा खरा फायदा झाला. परंतु तीन हजार पावले चालणाऱ्याला दहा हजारांचे लक्ष्य देणे म्हणजे त्याला रोज रात्री नापास करणे होय. त्याचे लक्ष्य चार हजार.

इथवर आले, म्हणजे श्रोत्यांना वाटेल की आता सवय लागली, आता चिंता नाही. सवय एकवीस दिवसांत लागते, असे सर्वत्र ऐकू येते. या आकड्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या एका शल्यविशारदाच्या १९६० मधील पुस्तकात आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना नव्या रूपाची ओळख पटायला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्याच्या पाहण्यात आले होते. 'निदान' हा शब्द पुढे गळून पडला, आणि चेहराही गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना बारा आठवडे एकेक नवी सवय पाळायला सांगितली, आणि ती केव्हा आपोआप घडू लागते हे मोजले. मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण एकाला १८ पुरले, तर दुसऱ्याला हिशेबाने २५४ लागले असते. पाण्याचा पेला पिण्याची सवय लवकर जडली, व्यायामाला अधिक काळ लागला. ज्याला एकवीस दिवसांचे वचन दिले जाते, तो बाविसाव्या दिवशी अंथरुणातून उठण्याचा कंटाळा आला, की स्वतःत काही खोट आहे असे समजतो. अशा खोट्या वचनाने शिक्षक आपल्याच हाताने माणूस गमावतो.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. तिची वाच्यता फारशी झाली नाही, पण ती आकड्यापेक्षा मोलाची आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत फारसा फरक पडला नाही. मग चुकलेल्या एका दिवसाने इतकी माणसे कायमची का जातात?

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि त्यांतील भेद फार बारीक आहे. एक खाडा, दुसरा खंड. दुधाचे खाडे घरोघर दिनदर्शिकेवर लिहिले जातात. गवळी दोन दिवस आला नाही, दोन फुल्या पडल्या, महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा झाले. दोन खाडे झाले म्हणून कोणी दूध पिणे सोडत नाही. गवळ्यावर चारित्र्यहीनतेचा आरोपही कोणी करीत नाही. खाडा हा हिशेबाचा शब्द आहे. खंड मात्र व्रताचा शब्द आहे. व्रतात खंड पडला की व्रत मोडले, पुण्य गेले, पुन्हा पहिल्यापासून आरंभ. व्यायामाच्या बाबतीत माणसे खाड्याला खंड समजतात. काका पंधरा दिवस नियमाने टाकीपर्यंत गेले. मग नागपुरास भाचीचे लग्न निघाले, चार दिवस तिकडे गेले, परत आल्यावर सर्दी झाली. सहाव्या दिवशी नातू गाडीत चढला, आणि काकांचे पाय सवयीने घराकडे वळले. मनात आले, 'झाले, नेहमीसारखेच झाले. आता पाडव्यापासून नीट सुरू करू.' पाडवा चार महिन्यांवर होता.

सिएटल येथील ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हीच गोष्ट पाहिली. व्यसन सोडलेल्या माणसाचा पाय एकदा घसरतो, त्याने फारसे बिघडत नाही. 'मी असाच आहे' हा जो निष्कर्ष तो त्या घसरण्यातून काढतो, त्याने बिघडते. १९८५ मध्ये त्याने सहकाऱ्यासह यावर ग्रंथ संपादित केला. त्यातील उपाय असा की, घसरणे होणारच असे धरून त्याची तयारी आधीच करावी. व्यायामशिक्षकाने हा धडा पहिल्याच भेटीत द्यावा. काका जेव्हा उत्साहाने भरलेले होते, तेव्हाच शिक्षिकेने विचारायला हवे होते: "काका, येत्या दोन महिन्यांत कोणते दिवस चुकतील असे वाटते?" लग्न तेव्हाच कागदावर आले असते, आणि त्यापुढे लिहिले गेले असते: परत आल्यावर पहिल्या सकाळी टाकीपर्यंत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच. परतीचा पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवावा. सहा दिवस बुडाले म्हणून सातव्या दिवशी दुप्पट चालणारा माणूस आठव्या दिवशी घरीच सापडतो.

या गोष्टीला अलीकडे एका प्रचंड प्रयोगाचे पाठबळ मिळाले आहे. केटी मिल्कमन आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर चार आठवडे चालणारे ५४ निरनिराळे कार्यक्रम एकाच वेळी राबवले, आणि २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष दिले. आठवणीचे संदेश, बक्षिसे आणि इतर नाना युक्त्या त्यांत होत्या. तज्ज्ञांना आधी अंदाज विचारले होते. ते जुळले नाहीत. सर्वांत वरचढ ठरला तो एक साधा कार्यक्रम: एखादी खेप चुकल्यानंतर जो पुन्हा येईल, त्याला अगदी क्षुल्लक बक्षीस. बक्षिसाची किंमत काही सेंट. म्हणजे ते पैशासाठी कोणी आले असेल असे मानणे कठीण आहे. त्या काही सेंटांत एक निरोप होता: तुम्ही चुकलात हे कळले आहे, आणि तुमची जागा राखून ठेवली आहे. वस्तादाची हाक आणखी काय सांगत असे?

परंतु त्याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष दडवून चालणार नाही. कार्यक्रम चालू असताना त्यांतील ४५ टक्क्यांचा परिणाम दिसला, आणि चार आठवडे संपल्यावर टिकला तो अवघ्या ८ टक्क्यांचा. हाक थांबली, माणसे थांबली. यावरून कोणी असे म्हणेल की, या साऱ्या युक्त्या फोल आहेत. यावरून असेही म्हणता येईल की, हाक मारण्याचे काम चार आठवड्यांचे नाहीच. साखरेच्या रोग्याला चार आठवडे गोळी देऊन, ती बंद केल्यावर साखर वाढली, तर गोळीला कोणी फोल म्हणत नाही. मार्गदर्शन विकणाऱ्यांनी ठरावीक आठवड्यांचे वर्ग काढले आहेत, शेवटी प्रमाणपत्रे आणि फेटे बांधून छायाचित्रेही निघतात. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या प्रमाणपत्रवाल्यांची चौकशी कोण करतो, यावर त्या वर्गाची खरी किंमत ठरावी. पण ती चौकशी महाग पडते, आणि तिचे छायाचित्र निघत नाही.

निरोप सुरुवातीला शिक्षकाने द्यावा, पण पुढे तो कोणाकडे तरी सोपवावा, हेही ओघाने आले. कोणाकडे? ज्याला रोजच्या रोज कळते त्याच्याकडे. सकाळी त्याच वाटेने जाणारा शेजारी, शाळेच्या गाडीपाशी उभे राहणारे दुसऱ्या मुलांचे आजोबा, घरातील कोणी. त्यातही एक सावधगिरी बाळगावी लागते. घरातील माणसाला हाक मारायला सांगितली, की ती फार लवकर टोमणा होते. "आज गेला नाहीत वाटते?" आणि "येता का, मीही येतो," या दोन वाक्यांतील अंतर पुष्कळांना आयुष्यभर उमगत नाही.

जबलपूरच्या शिक्षिकेच्या हजेरीवहीत सहा रकाने रिकामे दिसले, तेव्हा तिने दूरध्वनी केला. का आला नाहीत, हे तिने विचारले नाही. लग्न कसे झाले, एवढे विचारले, सर्दीची चौकशी केली, आणि म्हणाली, "काका, उद्या नातू गाडीत बसला की फक्त दुकानापर्यंत जाऊन या. मला कळवू नका. स्वयंपाकघरात दुधाची दिनदर्शिका आहे ना? त्यावर गेल्या सहा दिवसांच्या घरात बारीक अक्षरात 'खाडा' लिहा. उद्याचे घर कोरे सोडा."

काकांनी ते सहा खाडे त्याच संध्याकाळी लिहिले. काकूंनी ते पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी नातवाला गाडीपाशी सोडायला दोघेही गेली. चहा परत आल्यावर काकांनी टाकला.